जंभेरीखालची बाटली

डॉ. तांबोळींनी कागद टेबलावर ठेवला, पण आमच्याकडे सरकवला नाही. पंचफुला माझ्या शेजारी खुर्चीवर तिरकी बसली होती. तिला सरळ बसवत नव्हतं. आमची मुलगी प्रणिता मागे उभी होती. तिचा हात आईच्या खांद्यावर होता.

"मूळव्याध नाही," डॉक्टर म्हणाल्या. "गुदाशयाच्या तोंडाशी आतून गाठ आहे. आणि ती नेहमीची गाठ नाही."

"म्हंजे कॅन्सर," पंचफुला म्हणाली. गावाहून नागपूरला येईपर्यंत तो शब्द मी आणि प्रणितानं टाळला होता. तिनं तो सरळ टेबलावर ठेवला.

"हो. त्यातही फार कमी लोकांना होणारा. कातडीला रंग देणाऱ्या ज्या पेशी असतात, तीळ काळा दिसतो तो ज्यांच्यामुळं, त्या पेशींचा. बहुतेकांना तो कातडीवर होतो. तुम्हाला आत झालाय. या जागेच्या शंभर गाठी तपासल्या तरी अशी एखादी सापडेल, न सापडेल."

पंचफुलानं त्या कागदाकडं पाहिलं. मग म्हणाली, "सोडतीत कवा नंबर लागला नाही बाई माहा. सोसायटीच्या सोडतीत कुकरसुदिक शेजारनीले गेला. लागला तं इथं लागला."

डॉक्टर हसल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा जरा सैल झाला. त्यांनी पेन उचललं. "रक्त किती दिवसांपासून जातंय?"

"आठ महिने असन."

"आठ?" प्रणितानं खांद्यावरचा हात काढला. "आई, मला दोन म्हणाली होतीस."

"तुले सांगून काय केलं असतं? तुह्या घरी तुह्या सासूचे पाय मोडलेले. अन् मले काय माहीत असं असन म्हनून? दोन वर्साआंधी हेच झालं होतं. आमच्या तालुक्याच्या डॉक्टरनं तो कोंब कापून टाकला, तपासाले पाठवला. रिपोर्ट चांगला आला. म्हनून मले वाटलं, मूळव्याधच उलटली."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "तपासला होता?"

"हो ना. अमरावतीले. यायनंच नेऊन देला, यायनंच रिपोर्ट आनला." ती माझ्याकडं वळली. "सांगा ना बाईले."

"हो," मी म्हणालो.

"तो रिपोर्ट मला पाहिजे," डॉक्टर म्हणाल्या. "नुसता कागद नाही. तुकडा तपासताना लॅबवाले त्याचा मेणात ठोकळा करून ठेवतात. तो जपून ठेवलेला असतो. मागितला की देतात. तो आणा. तेव्हा काही सुटलं का, सुटलं असेल तर ते किती खोल होतं, हे त्यावरून कळेल. कळलं तर पुढचं ठरवायला मला बरं पडेल."

"घरी असन," मी म्हणालो. "कागद घरी असन."

घरी कागद नव्हता. अमरावतीला ठोकळा नव्हता. असा रिपोर्ट कधी आलाच नव्हता.

पंचफुलाला पोटाच्या फोटोसाठी आत नेलं. प्रणिता तिच्याबरोबर गेली. मी बाकावर बसलो, उठलो, पुन्हा डॉक्टरांच्या दारात गेलो. तिथली बाई म्हणाली, "नंबर झाला ना तुमचा, काका?" आतून डॉक्टरांनी येऊ द्या म्हणून सांगितलं.

मी उभ्यानंच विचारलं, "जगन का ती?"

"बसा." मी बसलो. "हे कशावर असतं ते सांगते, म्हणजे तुमच्या मनात भलतं काही राहणार नाही. गाठ किती मोठी आहे आणि किती खोल गेली. जांघेत, पोटात, यकृतात पोचली का. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ती केव्हा सापडली. औषधं आहेत, ऑपरेशन आहे, पण ते सगळं त्याच्या मागून येतं. वाटाण्याएवढी असताना सापडली तर काही जण वाचतात. सगळे नाही. काही जण."

"दोन वर्साआंधी वाटान्याएवढाच होता तो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही पाहिला होता?"

"बाटलीतून दिसला."

"रंग कसा होता?"

मी म्हणालो, आठवत नाही. पण आठवत होतं. काळा होता. सीताफळाच्या बीसारखा काळा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी गावाकडं निघालो. पंचफुलाला सांगितलं, कागद आणतो. ती नागपुरातच प्रणिताच्या घरी पलंगावर कुशीवर पडली होती. म्हणाली, "लोखंडी पेटीत पाहजा, लग्नाच्या पत्रिकायच्या खाली. अन् येतानी माहा चष्मा आनजा. जुना, दोरीवाला."

मी कलमवाला माणूस. आमचा भाग संत्र्याचा. माझ्या वडिलांपासून आमची रोपवाटिका. जंभेरीची, म्हणजे रानटी लिंबाची, रोपं लावायची, ती बोटाएवढी जाड झाली की त्यांच्या खोडात संत्र्याचा डोळा बांधायचा, आणि वर्षानं ती कलमं विकायची. या कामात एक गोष्ट लहानपणापासून हाताला लागलेली असते. बागेत सल काढला, म्हणजे वाळलेली, रोगट फांदी कापली, की ती बागेतून मिरवत न्यायची नाही. खोड आतून काळं निघालं तर मुळीच नाही. तिथल्या तिथं टोपलीत टाकायची, वर गोणपाट झाकायचं आणि बांधाच्या कडेला खड्ड्यात पुरायची. दुसऱ्याच्या शेतापुढून नेली तर भांडण होतं. झाडाचा रोग फांदीबरोबर फिरतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

आणि दुसरं एक होतं, ते घरचं. माझ्या वडिलांचं बोट कडबा कापायच्या यंत्रात गेलं, तेव्हा माझ्या मायनं ते हळद लावून शेतातल्या, बियांसाठी राखलेल्या जुन्या जंभेरीच्या बुडाशी पुरलं. प्रणिताची वारही तिथंच पुरली. माय म्हणायची, जित्या माणसाचं कापलेलं अंग गावाची शीव ओलांडून जाऊ द्यायचं नाही, माणूस त्याच्या मागं जातो. मी हे मानत होतो असं नाही. मानत नव्हतो असंही नाही.

तालुक्याच्या डॉक्टरनं तो कोंब कापला त्या दिवशी कंपाउंडरनं माझ्या हातात बाटली दिली. लोणच्याची छोटी बरणी असते तेवढी, पांढऱ्या झाकणाची, वर चिकटपट्टी. पट्टीवर लिहिलेलं: पंचफुला, वय ५२. आत डोळ्यांना झोंबणारं पाणी आणि तो तुकडा.

"आजच्या आज अमरावतीला द्या," तो म्हणाला. "सांडवू नका."

डॉक्टर हात पुसत बाहेर आले होते. त्यांनी सांगितलं, "मूळव्याधच दिसते. जरा काळसर आहे म्हणून पाठवतो. पद्धत असते."

स्टँडवर अमरावतीची गाडी लागलेली होती. मी पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसलो. शेजारी एक बाई लेकरू घेऊन बसली. लेकरानं पिशवीला हात लावला. मी पिशवी ओढून घेतली, आणि ओढताना बाटली वर आली. उन्हात तो तुकडा मी पहिल्यांदा नीट पाहिला. आमच्याकडं एखादं खोड आतून असं निघालं असतं तर मी ते कोणाला दाखवलं नसतं. हे घेऊन मी परक्या गावी जाणार, परक्या माणसाच्या टेबलावर ठेवणार, आणि तो मला काहीतरी सांगणार. डॉक्टर तर म्हणालाच होता, मूळव्याध आहे. मी कंडक्टर यायच्या आत खाली उतरलो.

गावी परत येऊन सायकलीनं शेतात गेलो. जंभेरीखाली हातभर खड्डा केला आणि बाटली पुरली. वर दगड ठेवला. चार दिवस जाऊ दिले आणि पंचफुलाला म्हणालो, "रिपोर्ट चांगला आला."

तिनं देवाजवळ साखर ठेवली. पट्टी बदलायला गेलो तेव्हा डॉक्टरनं विचारलं, रिपोर्ट आला का. आला, चांगला आहे, म्हणालो. "बरं झालं," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. एवढंच. तेवढ्यानं ते संपलं असं मला दोन वर्षं वाटत होतं.

मी गावात उतरलो तेव्हा दुपार झाली होती. घर न उघडता शेतात गेलो. दगड होता तिथंच होता. जंभेरीची मुळं खड्ड्यावरून गेली होती, ती कुऱ्हाडीनं तोडावी लागली. मला वाटत होतं बाटली फुटलेली असावी. खरं सांगतो, मी मनातून तेच मागत होतो. फुटली असती तर डॉक्टरांना सांगता आलं असतं की काही उरलं नाही. पण ती अखंड निघाली. झाकणाची चिकटपट्टी पिवळी पडली होती. मातीनं अक्षरं गेली होती, फक्त ५२ राहिलं होतं. मी ती धोतराच्या सोग्यानं पुसली आणि उन्हाकडं धरली. पाणी गढूळ होतं. तुकडा तळाला होता. तेवढाच. तेवढाच काळा.

मी तिथं किती वेळ बसलो कोणास ठाऊक. पलीकडच्या वावरातून शेजारी बळवंत ठवळींनी हाक मारली, "काय हो दादा, सल पुरता का काहाडता?" मी म्हणालो, काढतो. ते हसले. "पुरलेला सल कोनी काहाडते का बाप्पा," म्हणत ते विहिरीकडं गेले.

घरी जाऊन मी चष्मा घेतला. लोखंडी पेटी उघडली नाही.

नागपूरला पोचल्यावर आधी दवाखान्यात गेलो. डॉ. तांबोळी निघायच्या बेतात होत्या. मी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. झाकणाच्या खाचेत माती होती, ती त्यांच्या कागदांवर पडली.

"हे काय आहे?"

"तोच तुकडा."

"हा तपासलाच नाही?"

"नाही."

"कुठं होता?"

"जमिनीत."

त्यांनी हातमोजा घातला, बाटली उचलून खिडकीपाशी नेली, हलवली, पुन्हा पाहिली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"औषधाचं पाणी टिकलंय," त्या म्हणाल्या. "तपासता येईल. आठ दिवस लागतील." मग हातमोजा काढत त्यांनी विचारलं, "बाईंना माहीत आहे?"

"नाही."

"मुलीला?"

"नाही."

"मी सांगणार नाही. पण कोणीतरी सांगितलं पाहिजे, आणि ते माझं काम नाही." त्यांनी एक पावती लिहून दिली. मी ती खिशात ठेवली. दारापर्यंत गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, पोटाचा फोटो आलाय. उद्या तिघंही या."

फोटोत यकृतावर डाग होते. मोठं ऑपरेशन करून उपयोग नाही, असं डॉक्टरांनी पंचफुलाला तिच्या तोंडावर, सावकाश आणि नीट सांगितलं. औषधं देऊन पाहू म्हणाल्या. पंचफुलानं विचारलं, "किती दिवस?" डॉक्टर म्हणाल्या, दिवस कोणी सांगू शकत नाही, पण महिने धरा. प्रणिता भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. माझ्या डोक्यात एवढंच होतं, आता डॉक्टर बाटलीचं बोलतील. त्या बोलल्या नाहीत. माझी बायको मरणार हे मला सांगितलं जात होतं आणि मला भीती वाटत होती ती बाटलीची. नऊ वर्षं झाली. ही गोष्ट मी कोणाजवळ बोललेलो नाही.

पंचफुला विसरली नव्हती. घरी आल्यावर प्रणिता चहा टाकायला आत गेली, तेव्हा तिनं विचारलं, "सापडला का तो कागद?"

बोलायची वेळ तीच होती. मी तिच्या पायथ्याशी बसलो होतो. तिनं दोरीचा चष्मा घातला होता आणि ती माझ्याकडं पाहत होती.

"सापडला," मी म्हणालो. "देला डॉक्टरले."

"काय म्हने बाई?"

"चांगलाच होता म्हने. तवा काही नव्हतं."

तिनं मान हलवली. पांघरुणाचा काठ बोटांनी मुडपला.

"म्हंजे माहीच चूक," ती म्हणाली. "तवा काही नव्हतं. मंग आलं ते हे आठ महिन्यांत आलं. अन् आठ महिने मी गप बसली. लाज वाटे मले. तुमालेसुदिक सांगाची लाज वाटे. फडकी मी इहिरीवर एकटी धुवो. म्हनो, रिपोर्ट चांगला आहे ना, मंग काहून बोभाटा करा. माह्या हातानं केलं मी हे."

"तसं नाही," मी म्हणालो.

"तसंच आहे. तुमी तं बिचारे अमरावतीले जाऊन आले होते."

प्रणिता चहा घेऊन आली. तिनं शेवटचं ऐकलं असावं. ती कप ठेवून आईजवळ बसली आणि दोघी रडल्या. मी चहा प्यालो. खोटं सांगत नाही, पूर्ण कप प्यालो. गरम होता, जीभ भाजली.

पंधरा दिवसांनी औषध द्यायला गेलो तेव्हा डॉ. तांबोळींनी मला एकट्याला बोलावलं. त्यांच्यापुढं फाइल उघडी होती. फाइलमध्ये एक नवा कागद होता.

"आलाय," त्या म्हणाल्या. "ऐकायचं आहे?"

मी विचारलं, "त्यानं तिचं काही बदलन का?"

"आता नाही."

"मंग नको."

त्यांनी कागद फाइलमध्ये घातला. "इथं राहील. तुम्हाला हवा असेल तेव्हा या. पावती दाखवली की देतील."

मी वळलो तेव्हा त्यांनी विचारलं, "सांगितलं का घरी?" मी म्हणालो, सांगतो.

रोज सकाळी मी ठरवायचो, आज सांगू. तिला मोसंबीचा रस चमच्यानं पाजायचो तेव्हा वाक्य तोंडाशी यायचं. मग ती म्हणायची, "बस झालं, आता पोट भरलं," आणि मी चमचा धुवायला उठायचो. दुखणं वाढलं तशी ती कमी बोलायची. एकदा तिनं प्रणिताला जवळ बोलावून सांगितलं, "तू मातर अशी लाजजो नको. काही झालं तं लगेच दाखवजो. तुह्या मायनं लपवलं, तसं करजो नको." मी दाराच्या आड उभा होतो. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, ते मी बोललो नाही. मला भीती वाटली की ती माझ्याकडं पाहील. तिच्या त्या पाहण्याची मला तिच्या मरणापेक्षा जास्त भीती वाटत होती.

पंचफुला चौथ्या महिन्यात गेली. सकाळची वेळ होती. प्रणितानं तिचे केस विंचरून दिले होते. ती म्हणाली, "वेनी नको घालू, रुतते," आणि डोळे मिटले. आम्हाला वाटलं झोपली.

जंभेरीची तुटलेली मुळं पुन्हा वाढली. झाड अजून उभं आहे. त्याच्या बिया मात्र मी रोपांसाठी घेत नाही. कारण विचारलं तर सांगतो, झाड म्हातारं झालं.

प्रणिता शाळेत शिकवते. आईच्या पहिल्या वर्षश्राद्धानंतर तिनं एक काम सुरू केलं. सुट्टीच्या दिवशी आसपासच्या गावांत जाते, बायकांना अंगणात, देवळात, मिळेल तिथं बसवते आणि त्यांच्याशी या दुखण्याबद्दल बोलते. रक्त गेलं तर लाजू नका, मूळव्याध म्हणून अंगावर काढू नका, कापलेला तुकडा तपासाच, असं सांगते. तिच्यामुळं दोन बायका वेळेवर दाखवायला गेल्या. एकीला काही निघालं नाही. दुसरीचं ऑपरेशन झालं, ती बरी आहे.

मागच्या महिन्यात ती आमच्या गावात आली. समाजमंदिरात पंचवीस-तीस बायका होत्या. मी मागं सतरंजीच्या टोकाला बसलो होतो. ती नेहमी बोलते तसंच बोलली. म्हणाली, "माझ्या आईचा आधीचा रिपोर्ट चांगला होता. माझे बाबा स्वतः अमरावतीला जाऊन तुकडा तपासून घेऊन आले होते. तरी आई गेली, कारण तिनं आठ महिने लपवलं. तिची चूक तुम्ही करू नका." बायकांनी वळून माझ्याकडं पाहिलं. एक म्हातारी मला हात जोडून म्हणाली, "तुमी तं लय केलं बावा तिच्यासाठी."

घरी येताना प्रणितानं माझा हात धरला होता. वाट खडबडीत आहे आणि मला आता नीट दिसत नाही. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पण दोन शब्द बोलायला पाहिजे होते."

"पुढच्या वेळेला," मी म्हणालो.

पावती लोखंडी पेटीत आहे, लग्नाच्या पत्रिकांच्या खाली. तो कागद मी आणलेला नाही. प्रणिताला सांगितलेलं नाही.